ऑल्ट-टॅब दाबल्यावर स्क्रीन काळी का होते?

गेम फुल स्क्रीनवर चालू आहे आणि मधेच मेल बघायला ऑल्ट-टॅब दाबलं, की दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर पापणी लवायच्या आत मेल समोर येतो. नाहीतर स्क्रीन काळी होते, मॉनिटरच्या कोपऱ्यात ‘१९२० × १०८०, ६० हर्ट्झ’ अशी पाटी उमटते, दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही आणि मग कुठे डेस्कटॉप येतो. नशीब फारच खराब असेल तर परत जाताना गेम तिथेच मान टाकतो. कॉम्प्युटर तोच, गेमही तोच, फरक फक्त एका सेटिंगचा.

बहुतेक जण याचं खापर ‘पीसी स्लो झालाय’ यावर फोडतात आणि रॅम वाढवून आणतात. रॅमचा संबंध कधीकधी असतो, त्याकडे पुढे येतोच. पण काळ्या स्क्रीनमागचा खरा प्रश्न वेगाचा नाही, ताब्याचा आहे. त्या क्षणी स्क्रीनची मालकी कोणाकडे आहे आणि ती दुसऱ्याकडे कशी सोपवली जाते, यावर सगळं अवलंबून असतं.

स्क्रीनवर चित्र येतं कसं, ते आधी पाहू. ग्राफिक कार्डाच्या मेमरीत एक जागा राखून ठेवलेली असते, तिला फ्रेमबफर म्हणतात. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग तिथे आकड्यांत लिहिलेला असतो. फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ८३ लाख बाइटचं, म्हणजे ८ एमबीच्या आसपास. कार्ड ही सगळी जागा सेकंदाला ६० वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं आणि केबलमधून मॉनिटरकडे पाठवतं. तिथे कोण काय लिहितंय याच्याशी मॉनिटरला काही देणंघेणं नसतं. आलं ते दाखवायचं, एवढंच त्याचं काम.

मग त्या जागेत लिहायचं कोणी?

विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात हा प्रश्नच नव्हता. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा आणि तोच स्क्रीनचा धनी. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए ही स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत आणली, त्यात ३२० × २०० ठिपके आणि २५६ रंग असा एक मोड होता. एका चित्राला बरोबर ६४,००० बाइट लागायचे. मेमरीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर ते आकडे लिहिले की स्क्रीनवर चित्र तयार, कोणाची परवानगी नको. त्या काळच्या बहुतेक गेम्स याच मोडवर चालल्या.

विंडोज आल्यावर एका स्क्रीनवर दहा प्रोग्रॅम नांदू लागले. प्रत्येकाने आपापल्या चौकटीत रंगवायचं, शेजाऱ्याच्या चौकटीत ब्रश घालायचा नाही, आणि रंगवायचं तेही विंडोजच्या हातून. एक्सेलसारख्या कामाला हे ठीक होतं. गेम बनवणाऱ्यांना मात्र ते परवडेना, कारण दर सेकंदाला तीस-चाळीस वेळा पूर्ण चित्र बदलायचं तर मधला हा कारभार फार संथ पडायचा. विंडोज ९५ आलं तेव्हाही लोक गेम खेळायला डॉसमध्येच जात होते. यावर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी डायरेक्टएक्स आणलं. त्यातल्या डायरेक्टड्रॉ या भागाने गेमला सांगितलं: तुला पूर्ण स्क्रीन हवी ना? घे. तू आहेस तोवर दुसरं कोणी तिथे रंगवणार नाही. यालाच एक्सक्लुझिव्ह फुल स्क्रीन म्हणतात.

मंगल कार्यालय अख्खं एकाच लग्नाला द्यावं, तसा हा कारभार. स्टेज हवं तसं फिरवा, दिवे बदला, भांडारघरात आपलं सामान भरा, कोणी विचारणार नाही. पण मधेच तासाभरासाठी हॉल दुसऱ्या कार्याला द्यायचा म्हटलं, की मांडलेलं सगळं उचलायचं, दिवे होते तसे करायचे, भांडारघर रिकामं करायचं. आणि परत ताबा मिळाला की पहिल्यापासून मांडामांड. ऑल्ट-टॅब दाबल्यावर जे दोन-तीन सेकंद जातात, ते या आवराआवरीचे.

पूर्ण ताब्याचे फायदेही खरेच मोठे होते. विंडोमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला तयार झालेलं चित्र आपल्या जागेतून स्क्रीनच्या जागेत कॉपी करावं लागायचं. पूर्ण ताबा असेल तर कॉपीची भानगडच नाही. दोन बफर ठेवायचे. एक स्क्रीनवर दिसतोय तोवर दुसऱ्यात पुढचं चित्र काढायचं आणि झालं की कार्डाला फक्त सांगायचं, आता इथून वाच. पत्ता बदलला की चित्र बदललं. याला फ्लिप म्हणतात. शिवाय गेमला स्क्रीनचं रिझोल्यूशनही (म्हणजे ठिपक्यांची संख्या) आपल्या कुवतीप्रमाणे उतरवता यायचं. कार्ड अशक्त असेल तर ६४० × ४८० वर खेळायचं.

ऑल्ट-टॅब दाबल्यावर नक्की काय काय घडतं?

आता जुन्या पद्धतीने पूर्ण ताबा घेतलेल्या गेममधून आपण बाहेर पडतोय असं समजू. काळ हवा तर विंडोज एक्सपीचा धरा, तेव्हा हा प्रकार अगदी ऐन भरात होता.

पहिली गोष्ट, कीबोर्डचा रोख बदलतो. विंडोज गेमला निरोप देतं की आता तू पुढे नाहीस. हा निरोप नीट ऐकणं गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि अनेकांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. ऑल्टची एक गंमत इथेच घडते. ऑल्ट खाली दाबल्याचं गेमला कळलेलं असतं, पण बोट उचललं तेव्हा पुढे दुसराच प्रोग्रॅम होता, म्हणून बोट उचलल्याची खबर गेमपर्यंत पोचतच नाही. परत आल्यावर गेमच्या लेखी ऑल्ट दाबलेलाच असतो आणि साधं डब्ल्यू दाबलं तरी हिरो पळायच्या ऐवजी भलतंच काहीतरी करतो. उपाय एका बोटाचा: परत आल्यावर ऑल्ट एकदा दाबून सोडायचा.

दुसरी गोष्ट, रिझोल्यूशन पूर्ववत होतं. काळ्या पडद्याचा सगळ्यात मोठा वाटा हाच. रिझोल्यूशन किंवा हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र पाठवलं जातं तो आकडा) बदलले की मॉनिटरकडे येणाऱ्या सिग्नलची लयच बदलते. मॉनिटरला ती लय पुन्हा पकडावी लागते, आणि पकड बसेपर्यंत काय दाखवायचं हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो काळा राहतो. जुन्या डबा मॉनिटरमध्ये या वेळी आतून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यायचा, सायबर कॅफेत बसलेल्यांना तो अजून आठवत असेल. टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला पीसी असेल तर वेळ आणखी लागतो. गेम आणि डेस्कटॉप दोघांचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ सारखेच असतील तर हा टप्पा जवळजवळ गळून पडतो. म्हणून जुन्या गेममध्येही रिझोल्यूशन डेस्कटॉपइतकंच ठेवलं की निम्मा त्रास संपतो. एचडीआरचं (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या सोयीचं) मात्र ध्यानात ठेवा. गेममध्ये ते चालू आणि डेस्कटॉपवर बंद असेल तर आकडे सारखे असूनही स्क्रीन एकदा काळी होतेच.

याच टप्प्याचा एक जुना अवशेष म्हणजे डेस्कटॉपवरचे आयकॉन. गेम ६४० × ४८० वर गेला की डेस्कटॉपसुद्धा खरोखरच तेवढा लहान व्हायचा. निगुतीने मांडलेले आयकॉन मग जागा पुरेना म्हणून डावीकडे वर एकमेकांना चिकटून बसायचे आणि बाहेर आलं तरी तसेच राहायचे.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. ताबा गेला की ग्राफिक कार्डाच्या मेमरीत गेमने भरलेलं सामानही हातचं जायचं. झाडांची पानं, भिंतींचे पोत, माणसांचे चेहरे, सगळं. डायरेक्टएक्स ९ पर्यंत या अवस्थेला ‘डिव्हाइस लॉस्ट’ म्हणत. परत आल्यावर गेमने आपल्या नावावरची त्या मेमरीतली एकूण एक वस्तू आधी सोडून द्यायची, मग डिव्हाइस नव्याने उभं करायचं आणि सगळं परत भरायचं. यात एक जरी वस्तू सोडायची राहिली तरी डिव्हाइस उभं राहायला नकार द्यायचं. हजारो वस्तूंमध्ये एक विसरणं काय अवघड आहे? ऑल्ट-टॅब करून परत येताना जुन्या गेम्स कोसळायच्या, त्यातल्या कित्येकांचं कारण ही एवढीशी विसरलेली वस्तू असायची. आणि हे फक्त ऑल्ट-टॅबनेच व्हायचं असं नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं किंवा पीसी लॉक केला तरी तीच गत.

शहाण्या प्रोग्रॅमरला यातून वाट होती. वस्तूची एक प्रत साध्या रॅममध्ये ठेवायची, म्हणजे कार्डावरची गेली तरी ती परत भरता येते. मात्र रॅम दुप्पट अडकते. ज्या काळात २५६ एमबी रॅम म्हणजे चैन होती, त्या काळात हा सौदा सगळ्यांना मान्य होण्यासारखा नव्हता.

चौथी बाब रंगांची. कित्येक गेम्स स्क्रीन उजळ करण्यासाठी गामा (उजळपणा ठरवणारं सेटिंग) बदलतात, आणि तो बदल गेमपुरता नसून संपूर्ण स्क्रीनला लागतो. सभ्य गेम बाहेर पडताना तो पूर्ववत करून जाते. अडखळून बंद पडलेल्या गेमला ती संधी मिळत नाही आणि डेस्कटॉप फिकुटलेला दिसत राहतो. मॉनिटर बिघडला म्हणून दुकान गाठायच्या आधी एकदा साइन आउट करून परत या. बहुतेकदा रंग ताळ्यावर येतात.

मग हे सुधारलं कसं?

२००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं. व्हिस्टाला लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या आणि त्यातल्या बऱ्याच रास्त होत्या. पण या विषयापुरतं बोलायचं तर आजची सोय ज्या पायावर उभी आहे तो पाया व्हिस्टाने घातला, याचं श्रेय त्याला क्वचितच कोणी देतं.

पाया म्हणजे दोन गोष्टी. पहिली म्हणजे कंपोझिटर, विंडोजमध्ये त्याचं नाव डेस्कटॉप विंडो मॅनेजर. आता प्रत्येक प्रोग्रॅम थेट स्क्रीनवर रंगवत नाही. तो आपापल्या वेगळ्या जागेत रंगवतो, आणि ही सगळी चित्रं एकावर एक रचून अंतिम चित्र बनवायचं काम कंपोझिटर करतो. मॅकवर ही पद्धत २००१ पासून होतीच. दुसरी गोष्ट, ग्राफिक कार्डाच्या मेमरीचा हिशेब विंडोजने स्वतःकडे घेतला. एका प्रोग्रॅमचं सामान गरज पडली तर रॅममध्ये हलवायचं आणि लागेल तेव्हा परत आणायचं, हे विंडोज परस्पर करू लागलं. डायरेक्टएक्स १० पासून ‘डिव्हाइस लॉस्ट’चं ते शुक्लकाष्ठ संपलं. आता डिव्हाइस हातचं जातं ते कार्डच हँग झालं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बदलला किंवा कार्ड काढून टाकलं तर. हँगची व्याख्याही ठरलेली आहे: कार्डाने २ सेकंद दाद दिली नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं.

कंपोझिटरमुळे बॉर्डरलेस विंडो नावाचा सोपा मार्ग निघाला. गेम साध्या विंडोतच चालवायची, फक्त कडा आणि वरची पट्टी काढून टाकायची आणि विंडो स्क्रीनइतकी मोठी करायची. दिसायला फुल स्क्रीन, वागायला विंडो. ऑल्ट-टॅब दाबलं की कंपोझिटर दुसरी विंडो वर ठेवतो, बस. रिझोल्यूशन बदलत नाही, कोणाचं सामान हलत नाही.

पण यात खोट होती. गेमचं चित्र आधी कंपोझिटरकडे जायचं, तो ते कॉपी करून रचायचा आणि मग स्क्रीनवर यायचं. यात साधारण एका चित्राचा उशीर होतो, ६० हर्ट्झवर १६ ते १७ मिलिसेकंद. बुद्धिबळाला त्याने काही फरक पडत नाही, पण बंदूक रोखून धरलेल्या माणसाला पडतो. म्हणून कितीतरी वर्षं हाडाचे गेमर बॉर्डरलेसला नाकं मुरडत राहिले, आणि तेव्हाचं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

हा तिढा विंडोज ८ आणि १० च्या काळात सुटला. युक्ती अशी: विंडो पूर्ण स्क्रीनभर असेल, तिच्यावर दुसरं काहीही नसेल आणि गेम नव्या फ्लिप पद्धतीने चित्र देत असेल, तर कंपोझिटर स्वतःहून बाजूला होतो. रचण्यासारखं काही नसताना रचायचं कशाला? ग्राफिक कार्ड गेमचा बफर थेट वाचून मॉनिटरला देतं, म्हणजे वेग जवळपास पूर्ण ताब्याइतकाच. तुम्ही ऑल्ट-टॅब दाबलं की कंपोझिटर त्याच क्षणी पुन्हा कामाला लागतो. मॉनिटरला यातलं काही कळतही नाही, कारण सिग्नलची लय बदललेलीच नसते.

विंडोज १० याच्याही पुढे गेलं. एखाद्या गेमने जुन्या रीतीने पूर्ण ताबा मागितला तर विंडोज ‘दिला’ म्हणतं आणि प्रत्यक्षात तिला स्क्रीनभर पसरलेल्या बॉर्डरलेस विंडोत बसवतं. गेमला पत्ता नसतो. या सोयीला फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स म्हणतात. डायरेक्टएक्स १२ मध्ये तर जुना खरा पूर्ण ताबा उरलेलाच नाही, मेनूत फुलस्क्रीन लिहिलेलं असलं तरी आत हाच प्रकार असतो.

तुमची गेम कुठल्या गटात आहे हे तपासायची एक सोपी रीत आहे. गेम फुल स्क्रीनवर चालू असताना कीबोर्डवरून आवाज कमी-जास्त करा. विंडोजची आवाजाची पट्टी गेमच्या चित्रावर उमटली, तर मध्ये कंपोझिटर आहे आणि तुमचं ऑल्ट-टॅब सुखाचं आहे. पट्टी दिसली नाही, फक्त आवाज बदलला, तर बहुधा पूर्ण ताबा गेमकडे आहे.

यूट्यूबवर ‘एफपीएस वाढवा’ (म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं मिळवा) छापाच्या व्हिडिओंत ठरलेला सल्ला असतो: गेमच्या फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये जा आणि ‘डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स’वर टिक करा. डोळे झाकून हे करू नये. एखादी विशिष्ट गेम खरोखर अडखळत असेल तर तिच्यापुरतं करून बघावं, फरक नाही पडला तर टिक काढून टाकावी. सरसकट सगळ्यांना केलं की काळी स्क्रीन आपण आपल्या हाताने परत बोलावली असं समजायचं. उलट विंडोज ११ वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखालच्या ग्राफिक्स विभागात ‘ऑप्टिमायझेशन्स फॉर विंडोड गेम्स’ नावाचं बटण आहे. ते डायरेक्टएक्स १० आणि ११ च्या विंडोत चालणाऱ्या गेम्सना नव्या फ्लिप पद्धतीवर आणतं. ते चालू ठेवा.

एक गैरसमजही इथेच निस्तरू. स्क्रीनभर दिसतं ते सगळं पूर्ण ताब्याचं नसतं. ब्राउझरमध्ये एफ११ दाबून मोठं केलेलं पान, फुल स्क्रीनवरचा यूट्यूब व्हिडिओ, पॉवरपॉइंटचा स्लाइड शो, या साध्या मोठ्या विंडो आहेत. त्यातून ऑल्ट-टॅब करताना सेकंदभरही लागू नये. लागत असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा.

तो दुसरीकडचा दोष बहुतेकदा रॅमचा असतो. दोन्ही दुखणी लक्षणांवरून वेगळी ओळखता येतात. स्क्रीन पूर्ण काळी होऊन मॉनिटरची पाटी उमटत असेल तर ते रिझोल्यूशन बदलल्याचं लक्षण. चित्र गोठलंय, माउस अडखळतोय, डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतोय आणि पाच-दहा सेकंदांनी ब्राउझर एकेक तुकडा रंगवत उघडतोय, तर रॅम भरलीय आणि विंडोज सामान डिस्कवरून आत-बाहेर करतंय. साध्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नसतं, ग्राफिक्सची मेमरीसुद्धा रॅममधूनच कापून घेतलेली असते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर गेम आणि तीस टॅब उघडलेलं क्रोम एकत्र नांदवायचं म्हटलं की ओढाताण होणारच. अशा वेळी बॉर्डरलेस करून काही साधत नाही. टॅब बंद करा, नाहीतर रॅम वाढवा.

पूर्ण ताब्याचा पर्याय अजून कधी निवडावा? विंडोज ७ वर असाल तर. गेम जुनी असेल आणि विंडोत अडखळत असेल तर. किंवा ग्राफिक्स इतके अशक्त असतील की संपूर्ण स्क्रीनचं रिझोल्यूशनच खाली उतरवावं लागतंय आणि गेमच्या मेनूत आतल्या चित्राचं रिझोल्यूशन वेगळं ठेवायची सोय नाही. बाकी सगळ्यांनी बॉर्डरलेस निवडून विषय संपवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन मॉनिटरवाल्यांनी तर नक्कीच. पूर्ण ताब्याची गेम एका मॉनिटरवर आणि शेजारी दुसऱ्यावर ब्राउझर असेल, तर ब्राउझरवर एक क्लिक केलं की गेम थेट खाली टास्कबारमध्ये जाऊन बसते. बॉर्डरलेसमध्ये ती जागच्या जागी दिसत राहते. काही गेम्स माउसला आपल्या चौकटीत कोंडून ठेवतात. तो दुसऱ्या मॉनिटरवर जातच नसेल तर बिघाड नाही, आधी ऑल्ट-टॅब करायचं आणि मग माउस हलवायचा.

अडकलात तर

गेम हँग झाली, स्क्रीनवर तीच दिसतेय आणि ऑल्ट-टॅब दाद देत नाही, असा प्रसंग कधी ना कधी येतोच. पॉवरचं बटण दाबून धरायच्या आधी करून बघण्यासारखं बरंच असतं.

आधी ऑल्ट-एंटर. पुष्कळ गेम्समध्ये याने फुल स्क्रीन आणि विंडो अशी अदलाबदल होते, आणि विंडोत आल्यावर बाहेर पडणं सोपं. जुन्या नाजूक गेममधून मुद्दाम बाहेर पडतानाही मी थेट ऑल्ट-टॅब न करता आधी ऑल्ट-एंटर करायचाच सल्ला देईन. ते नाही चाललं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा. कधीकधी तो उघडतो खरा, पण गेमच्या मागे लपून राहतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑलवेज ऑन टॉप’ एकदाच चालू करून ठेवलं की हा त्रास कायमचा मिटतो. तरीही दिसत नसेल तर विंडोज-कंट्रोल-डी दाबा, नवा रिकामा डेस्कटॉप उघडतो, टास्क मॅनेजर तिथे उघडून गेमला निरोप द्या.

यातलं काहीच चाललं नाही तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. ही जोडी वेगळ्या जातीची आहे. ती थेट विंडोजच्या गाभ्याकडे जाते, मध्ये कोणत्याही प्रोग्रॅमला ती अडवता येत नाही, आणि त्यातून उघडणारी निळसर स्क्रीन हा एक स्वतंत्र सुरक्षित डेस्कटॉप असतो, ज्याच्यावर साधी गेम रंगवूच शकत नाही. पासवर्ड मागणारी खोटी स्क्रीन कोणी दाखवू नये म्हणून ती मुळात तशी बनवली आहे, आपल्याला तिचा हा आयता फायदा. तिथूनही टास्क मॅनेजर उघडता येतो. आणि स्क्रीन नुसतीच काळी आहे पण आवाज ऐकू येतोय, तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी एकत्र दाबा. एक बीप होतो, स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं शाबूत राहतात.

लिनक्सवर दुखणं जरा निराळं. स्क्रीनवर विंडो दाखवायच्या जुन्या एक्स पद्धतीत फुल स्क्रीन गेम कीबोर्ड आणि माउस स्वतःसाठी धरून ठेवायची. ऑल्ट-टॅब ओळखणारा विंडो मॅनेजर हाही तिथे एक साधा प्रोग्रॅमच, त्यामुळे बटण दाबल्याची खबर त्याच्यापर्यंत जायचीच नाही. गेम हँग झाली की डेस्कटॉपही तिच्या मुठीत. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून वेगळ्या कन्सोलवर जायचं, लॉगिन करायचं आणि तिथून गेमला मारायचं. तिच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या पद्धतीत हा अधिकारच प्रोग्रॅमकडून काढून घेतला आहे. प्रोग्रॅमला स्क्रीनचं रिझोल्यूशन परस्पर बदलता येत नाही आणि कीबोर्डचा अंतिम मालक कंपोझिटरच राहतो. जुन्या गेमने ८०० × ६०० मागितलं तर तिला तसं भासवून चित्र मोठं करून दाखवलं जातं. २०२२ साली आलेल्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या पीसीवर व्हॉल्व्ह कंपनीचा गेमस्कोप हा कंपोझिटर हेच काम करतो, म्हणून त्यात गेममधून मेनूत जाताना स्क्रीन काळी होत नाही.

मॅकवर २०११ च्या लायन आवृत्तीपासून फुल स्क्रीन केलेलं ॲप स्वतंत्र स्पेसमध्ये, म्हणजे वेगळ्या डेस्कटॉपवर, जातं. ट्रॅकपॅडवर तीन बोटं सरकवली किंवा कंट्रोल आणि बाण दाबला की झालं.

राहता राहिल्या खरोखर जुन्या गेम्स. १९९९ ची एज ऑफ एम्पायर्स २ विंडोज ७ वर लावली की गवत लाल आणि पाणी जांभळं दिसायचं, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. कारण ताब्याचंच. ती गेम २५६ रंगांची, आणि ते २५६ रंग कोणते याची एकच सामाईक यादी असायची. गेमने आपली यादी लावली तरी मागे डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर मधेच त्यात हात घालायचा. लोकांनी शोधलेले तोडगे अफलातून होते: गेम सुरू करायच्या आधी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद करायचा, किंवा स्क्रीन रिझोल्यूशनची खिडकी उघडी ठेवून गेम लावायची. दोन्ही चालायचे.

आज असल्या गेम्ससाठी डीजीव्हूडू २ नावाचं मोफत साधन आहे. गेम जुन्या डायरेक्टएक्सला जे सांगते ते ऐकून हे साधन नव्या डायरेक्टएक्सच्या भाषेत पुढे सांगतं. गेमला वाटतं आपल्याला ६४० × ४८० चा पूर्ण ताबा मिळालाय, प्रत्यक्षात ती विंडोत चाललेली असते आणि ऑल्ट-टॅब सुरळीत होतं. डॉसच्या गेम्ससाठी डॉसबॉक्स. तिथे खाली अख्खा डॉसचा पीसीच सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला असल्यामुळे गेमने कितीही थेट स्क्रीनवर लिहिलं तरी ते लिहिणं डॉसबॉक्सच्या विंडोतच पडतं. ऑल्ट-एंटरने मोठं-लहान करा, आणि माउस आत अडकला तर कंट्रोल-एफ१० दाबा, लगेच सुटतो.